इलस्ट्रेशनची पदवी तर मिळाली, आता काम कुठे शोधायचं?

नोकऱ्यांच्या साइटवर नुसतं 'इलस्ट्रेटर' टाकून शोधलं तर पदरी निराशाच येते. पूर्णवेळ जागा बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातही बऱ्याच ठिकाणी हवा असतो तो अ‍ॅडोबीचं त्या नावाचं सॉफ्टवेअर चालवणारा ग्राफिक डिझायनर. मग 'या क्षेत्रात काही राम नाही' असं म्हणून लोक मोकळे होतात.

काम आहे, पण ते दुसऱ्या नावांखाली आहे आणि तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं आहे. स्टोरीबोर्ड आर्टिस्ट, कॉन्सेप्ट आर्टिस्ट, बॅकग्राउंड पेंटर, कॅरेक्टर डिझायनर, इन्फोग्राफिक करणारा, कापडाचे नमुने काढणारा, पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या काढणारा, बैठक चालू असताना भिंतीवर तिचा चित्ररूप गोषवारा मांडणारा ग्राफिक रेकॉर्डर, हे सगळे इलस्ट्रेशनच करतात. कॉलेजात शिक्षक विचारतात, चित्र चांगलं झालंय का? बाहेरचा माणूस विचारतो, हे चित्र मी कुठे वापरू? पुढच्या सगळ्या पायऱ्या या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने लिहिल्या आहेत.

पायरी १: आधी बाजार ठरवा

'आधी स्वतःची शैली शोधा' हा सल्ला पदवीच्या वर्षात इतक्यांदा कानावर पडतो की तो वेदवाक्य वाटू लागतो. मला तो उलटा वाटतो. शैली कामातून घडते. काम कोणत्या प्रकारचं, कोणासाठी आणि किती वेगाने करायचं हे मात्र आधी ठरवावं लागतं. एक मुख्य बाजार निवडा, जोडीला एक दुय्यम ठेवा. सगळ्याच दगडांवर पाय ठेवायला जाऊ नका.

मासिकं आणि वृत्तपत्रांची कामं सगळ्यांत वेगवान. आज लेख येतो, उद्या दोन-तीन कच्ची स्केचेस द्यायची, परवा-तेरवा पक्कं चित्र. मानधन फारसं नाही आणि कित्येक वर्षांत ते म्हणावं तसं वाढलेलंही नाही. तरीही सुरुवातीला ही कामं घ्यावीत. चित्राखाली नाव छापून येतं, आणि इतर ठिकाणचे आर्ट डायरेक्टर, म्हणजे कोणतं चित्र कोणाकडून करून घ्यायचं हे ठरवणारे, ही पानं चाळत असतात. रात्री उशिरा आलेला मेल पाहून ज्यांना धडकी भरते, त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

जाहिराती आणि पॅकेजिंगमध्ये पैसा सर्वांत जास्त, स्वातंत्र्य सर्वांत कमी. एकाच पात्राच्या भुवईवर चार जणांची चार मतं पडतात आणि चारही मतं तुम्हालाच निस्तरावी लागतात. भेटकार्डं, वह्या, कापड, वॉलपेपर या बाजारात चित्रापेक्षा 'नमुना' विकला जातो. नमुना पुन्हा पुन्हा शेजारी जोडला जातो, म्हणून त्याच्या चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू सांधा न दिसता जुळल्या पाहिजेत, आणि एका नमुन्यासोबत त्याच रंगसंगतीतले दोन-तीन साधे जोडनमुने द्यावे लागतात. ते नसले तर कंपनी पुढे बोलतच नाही.

मुलांच्या चित्रपुस्तकांकडे बहुतेक नवे चित्रकार ओढले जातात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं. मोठ्या कागदावर ८ किंवा १६ पानं एकत्र छापून घड्या घालतात, म्हणून पानांची संख्या त्याच पटीत येते. शीर्षकाचं पान, हक्कांचा मजकूर, अर्पणपत्रिका वजा केली की गोष्टीसाठी साधारण १२ ते १४ जोडपानं (उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं) उरतात. तुमची गोष्ट २० दृश्यांची असेल तर ती याच जागेत बसवावी लागते, आणि कस लागतो तो इथे. कोणतं दृश्य जोडपानभर पसरायचं, कोणती तीन दृश्यं एका पानात घ्यायची, वाचणारं मूल पान उलटेल त्या क्षणी काय समोर यायला हवं, याचा विचार छोट्या चौकोनांत पेन्सिलीने करायचा. मग कागद दुमडून डमी करायची आणि ती खरोखर उलटून बघायची. स्क्रीनवर छान दिसलेलं जोडपान डमीत बघितल्यावर कळतं की नायिकेचं नाक बरोबर शिवणीत गेलंय.

चित्रकाराने स्वतः गोष्ट लिहिलीच पाहिजे असं नाही. रूढ पद्धतीत प्रकाशक आधी संहिता घेतो आणि मग तिला साजेसा चित्रकार निवडतो. त्यामुळे पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायच्या निवडक कामांत, एकच पात्र वेगवेगळ्या भावनांत आणि कोनांत, तेही सलग तीन-चार दृश्यांत दिसलं पाहिजे. सुटं सुंदर चित्र संपादकाला भुरळ घालतं, पण तेच पात्र १४ जोडपानं टिकेल का, याचं उत्तर देत नाही.

पैशाची रीत अशी: आधी आगाऊ रक्कम, नंतर रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला ठरावीक वाटा. रॉयल्टी लेखक आणि चित्रकारात बहुधा निम्मी-निम्मी विभागली जाते. आगाऊ रक्कम विक्रीतून वसूल होईपर्यंत पुढचा पैसा मिळत नाही, आणि पुष्कळ पुस्तकं तिथवर पोचतच नाहीत. म्हणून आगाऊ रकमेकडे 'हेच मानधन' असंच बघावं. चित्रं काढायला सहा महिने ते वर्ष सहज जातं. एखादा हौशी लेखक 'आत्ता पैसे नाहीत, पण पुस्तक खपलं की निम्मे तुझे' म्हणत असेल तर गोड बोलून नकार द्या.

या क्षेत्राचा मोठा मेळा इटलीत बोलोन्याला भरतो. बालपुस्तकांचं हे जत्रेसारखं प्रदर्शन १९६४ साली सुरू झालं आणि १९६७ पासून तिथे चित्रकारांचं वेगळं प्रदर्शनही भरतं, ज्यात नव्यांनाही चित्रं पाठवता येतात. तिथे एका भिंतीवर चित्रकार आपली पोस्टर्स आणि कार्डं चिकटवतात, आणि पहिल्या दिवशी सकाळीच ती गच्च भरते. प्रत्यक्ष जाणं परवडत नसेल तरी निवड झालेल्या चित्रकारांची यादी दरवर्षी बघावी. बाहेरचे प्रकाशक आज काय उचलतायत, हे त्यावरून कळतं.

पगाराची नोकरीच हवी असेल तर अ‍ॅनिमेशन आणि गेम्सकडे बघा. पण इथे 'इलस्ट्रेशनचा पोर्टफोलिओ' चालत नाही. कॉन्सेप्ट आर्टच्या जागेसाठी पात्र समोरून, पाऊण बाजूने, बाजूने आणि मागून दाखवलेलं लागतं. हत्याराचा खटका कसा उघडतो, बूट कुठे बांधला जातो, हे बाण काढून समजावलेलं लागतं, कारण तुमच्यानंतर कुणीतरी तेच थ्रीडीत घडवणार असतं. स्टोरीबोर्डच्या जागेसाठी रंगरंगोटी बाजूला ठेवा. काळ्या रेघांत का असेना, पण ३०-४० चौकटींची सलग घटना दाखवा, ज्यात कॅमेरा कुठे आहे आणि पात्राच्या मनात काय चाललंय हे शब्दांवाचून कळेल. एकच पोर्टफोलिओ दोन्हीकडे पाठवणारे दोन्हीकडून रिकाम्या हाताने परततात. शिवाय गोपनीयतेच्या करारामुळे स्टुडिओत केलेलं काम प्रकल्प प्रसिद्ध होईपर्यंत, म्हणजे कधी कधी वर्षानुवर्षं, कोणाला दाखवता येत नाही. म्हणून नोकरी लागल्यावरही स्वतःचं काम चालू ठेवावं लागतं.

विज्ञान आणि वैद्यकाच्या चित्रांकडे फार थोडे वळतात, आणि मला हा सर्वांत दुर्लक्षित बाजार वाटतो. फोटो असताना चित्र कशाला, हा प्रश्न इथे नेहमी विचारला जातो. वनस्पतीच्या चित्राचं उदाहरण घ्या. एकाच पानावर कळी, उमललेलं फूल, पिकलेलं फळ आणि बीचा छेद असतो. प्रत्यक्षात या गोष्टी एका फांदीवर एकाच दिवशी सहसा सापडत नाहीत, त्यामुळे असा फोटो मिळणं अवघड. शस्त्रक्रियेचंही तेच. फोटोत रक्त आणि चिमटे दिसतात, चित्रात मात्र नेमकी ती शीर दिसते. 'कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझीन' हे वनस्पतींवरचं ब्रिटिश नियतकालिक १७८७ पासून निघतंय, आणि आजही त्यात हाताने काढलेली चित्रं असतात.

मात्र इथे नुसता हात चांगला असून भागत नाही. वैद्यकीय इलस्ट्रेशनसाठी सहसा वेगळी पदव्युत्तर पदवी लागते, तिच्या आधी जीवशास्त्र आणि शरीररचनाशास्त्र. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात माक्स ब्रोडल यांनी १९११ साली यासाठीचा पहिला विभाग उभा केला. आजही असे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम मोजकेच आहेत आणि जागा कमी. त्यामानाने निसर्गचित्रण किंवा उत्खननातल्या वस्तूंची रेखाटनं यांत शिरणं सोपं. एखाद्या संशोधकाला त्याच्या निबंधासाठी आकृत्या हव्याच असतात. नियम पाळायचे असतात एवढंच: प्रकाश वरच्या डाव्या बाजूने, सोबत मोजपट्टी, आणि 'दिसायला बरं' म्हणून पाकळी वाढवायची नाही.

पायरी २: पोर्टफोलिओतून निम्मी चित्रं काढून टाका

१२ ते १५ चित्रं पुरे. मॉडेल बसवून केलेला अभ्यास, पहिल्या वर्षातलं स्थिरचित्र, सिनेमातल्या पात्रांची चाहत्या मनाने केलेली चित्रं बाहेर ठेवा. आर्ट डायरेक्टर तुमचं मोजमाप सर्वांत कच्च्या चित्रावरून करतो, कारण घाई झाली तर हातात तेच पडेल ही त्याची भीती असते.

रिकाम्या झालेल्या जागा भरायला स्वतःच स्वतःला काम द्या. समजा तुम्हाला मासिकांत शिरायचंय. छापून आलेला एखादा कोरडा लेख घ्या, उदाहरणार्थ झोप न येण्याबद्दलचा. अर्ध्या पानाची आडवी चौकट, दोन दिवसांची मुदत. डोक्यात पहिल्यांदा येईल ते चित्र, म्हणजे चंद्र, मेंढ्या आणि टक्क उघडे डोळे, बाजूला ठेवा, कारण तेच सगळ्यांना सुचणार आहे. अगदी छोटी छोटी वीस स्केचेस करा. त्यात कदाचित एक असं निघेल की घड्याळाचे काटेच पलंगाचे पाय झालेत. ते पक्कं करा, आणि पोर्टफोलिओत ते पानाच्या मांडणीतच ठेवा, मथळा आणि मजकुरासकट. बघणाऱ्याला चित्र 'कुठे लागतं' हे सांगावं लागत नाही. पुस्तकांसाठी असाल तर मुखपृष्ठ शीर्षकासह, पॅकेजिंगसाठी असाल तर खोक्यावर. अशा चित्रांखाली 'स्वयंप्रेरित काम' असं स्पष्ट लिहा. न मिळालेलं काम मिळाल्यासारखं दाखवलं तर ते कधी ना कधी उघडकीला येतंच.

छपाईचं जुजबी ज्ञानही इथेच दिसतं. फाइल प्रत्यक्ष आकारात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), रंग सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे), चारही बाजूंना कापण्यासाठी ३ मिलिमीटर जादा. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा आणि निळा कागदावर मळकट होतो, तेव्हा निदान एक चित्र छापून बघा.

वेबसाइट साधी असू द्या. पहिल्याच पानावर चित्रं आणि ठळक ईमेल. इन्स्टाग्रामवर भिस्त ठेवू नका. तिथली गर्दी बहुतांशी इतर चित्रकारांची असते, आणि ते काम देत नाहीत.

पायरी ३: नावानिशी माणूस शोधा आणि लिहा

'टीमला नमस्कार' असा मेल कोणी वाचत नाही. मासिकाच्या श्रेयनामावलीत आर्ट डायरेक्टरचं नाव असतं, पुस्तकाच्या हक्कांच्या पानावर डिझायनरचं. तिथून यादी करा: नाव, कंपनी, कधी लिहिलं, काय उत्तर आलं. ५० नावांची यादी ही बरी सुरुवात.

मेल पाच ओळींचा. तुम्ही कोण, त्यांचं कोणतं काम पाहून लिहिताय, तुमची चित्रं त्यांच्याकडे कुठे बसतील, वेबसाइटची लिंक. दोन किंवा तीन छोटी चित्रं मेलमध्येच दिसतील अशी टाका. जडजंबाल जोडण्या पाठवू नका, त्या उघडल्या जात नाहीत. स्वतःच्या प्रवासाची कहाणी, बालपणापासूनची आवड वगैरे गाळा.

उत्तर बहुधा येणार नाही. त्याचा अर्थ नकार असा नसतो. चित्र आवडलं तर माणूस ते बाजूला ठेवतो आणि योग्य लेख आला की काढतो, मध्ये आठ महिने गेलेले असतात. तीन-चार महिन्यांनी नवं चित्र झालं की त्याच माणसाला पुन्हा दोन ओळी लिहा. दर आठवड्याला मात्र नको.

एजंटची घाई करू नका. व्यावसायिक इलस्ट्रेशनमध्ये एजंट साधारण २५ ते ३० टक्के घेतात, पुस्तकांच्या क्षेत्रात १५ टक्क्यांच्या आसपास. आधीच काम येत असलेल्या माणसाला मोठं काम मिळवून देणं आणि करारात घासाघीस करणं, हे त्यांचं बळ. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला शून्यातून वर काढणं सहसा त्यांना जमत नाही. आणि नोंदणीसाठी आधी पैसे मागणारा एजंट हा एजंट नव्हे.

पायरी ४: चित्र नाही, वापर विका

पैशाबाबत नवखे सर्वांत जास्त फसतात ते इथे. चित्र काढताच त्याचा कॉपीराइट तुमचा होतो, नोंदणीची अट नसते. कॉपीराइटविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील झालेल्या देशांत, म्हणजे जगातल्या बहुतेक देशांत, हे लागू आहे. नोकरीत पगारावर काढलेल्या चित्राचा हक्क मात्र सहसा मालकाकडे जातो. बाहेरून काम घेताना तुम्ही ग्राहकाला देता तो ठरावीक वापराचा परवाना. त्यामुळे 'एका चित्राचे किती?' याला चार प्रश्नांशिवाय उत्तर देता येत नाही. कुठे वापरणार? किती काळ? कोणत्या देशांत? आणि फक्त तेच वापरणार की तुम्हालाही इतरांना देता येणार? तेच मांजर शाळेच्या पत्रकावर वर्षभर राहिलं तर एक दर, आणि साबणाच्या वेष्टनावर दहा देशांत पाच वर्षं राहिलं तर त्याच्या कित्येक पट. काढायला वेळ तेवढाच लागला, तरीही.

'सर्व हक्क, कायमचे' असं वाक्य करारात दिसलं की थांबा. कधी कधी ते नुसतं साच्यातून आलेलं असतं. 'या वापरासाठी दोन वर्षांचा परवाना असा दर, सर्व हक्क हवे असतील तर असा दर' असं दोन ओळींत कळवलं की बरेच ग्राहक स्वस्त पर्याय निवडतात आणि तुमचे हक्क तुमच्याकडे राहतात. बोधचिन्ह किंवा कंपनीच्या पात्राबाबत मात्र सर्व हक्क मागणं रास्त आहे. तिथे हट्ट न धरता किंमत वाढवा.

स्वतःचा किमान दर काढायची पद्धत रुक्ष आहे, पण आवश्यक. वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च, साधनं, सॉफ्टवेअर, कर, आजारपणाचे दिवस, सगळ्यांची बेरीज करा. तिला वर्षातल्या बिल लावता येणाऱ्या तासांनी भागा. महिन्याला १६० तास काम केलंत तरी त्यातले निम्मेच बिलात येतात असं धरा. बाकीचे मेल, हिशेब आणि काम शोधण्यात जातात. येणारा आकडा बघून धक्का बसेल. त्याखालचं काम म्हणजे पदरमोड.

पायरी ५: कागदावर आणल्याशिवाय पेन्सिल उचलू नका

लांबलचक करार नसला तरी मेलवर होकार घ्या. त्यात काय काढायचं, कोणत्या तारखेला, किती पैसे, कधी देणार, कोणता वापर, आणि किती वेळा बदल करून देणार हे असावं. कच्च्या स्केचच्या टप्प्यावर दोन फेऱ्या, रंगवल्यानंतर किरकोळ दुरुस्त्यांची एक, हे बरं गणित आहे. त्यापुढचे बदल वेगळ्या दराने. नव्या ग्राहकाकडून तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम आधी घ्या. काम मध्येच रद्द झालं तर काय, हेही लिहा: स्केचपर्यंत आलं असेल तर ठरलेल्या रकमेच्या चौथाई ते निम्मी, पक्कं चित्र दिलं असेल तर पूर्ण. हे मागितल्यावर जो ग्राहक बिथरतो, त्याने पुढे पैसे बुडवण्याची शक्यता दांडगी असते.

फुकटच्या चाचणीबद्दलही इथेच सांगतो. स्टुडिओ चाचणी घेतात, ते रीतसर आहे. पण चाचणी काही तासांची असावी, आणि त्यातून आलेलं चित्र त्यांना छापता येणार नाही हे लेखी असावं.

एआयचं काय?

२०२२ मध्ये मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन वगैरे, शब्दांतल्या वर्णनावरून चित्र बनवणारी साधनं सर्वांच्या हाती आली आणि तळाचा एक थर झपाट्याने ढासळला. ब्लॉगवरचं शोभेचं चित्र, स्वस्तातलं मुखपृष्ठ, जाहिरातीचा रंगढंग सुचवणारी जाहिरात संस्थेतली प्राथमिक चित्रं, ही कामं नवख्यांचीच होती आणि ती परत येतील असं मला वाटत नाही. उगीच धीर देण्यात अर्थ नाही.

उरतं ते काम ओळखता येतं. एकच पात्र शेकडो चौकटींत बिनचूक राहायला हवं असेल, आकृती शास्त्रीयदृष्ट्या अचूक हवी असेल, किंवा ग्राहकाला हक्क निर्विवाद हवे असतील, तिथे माणूस लागतो. हक्कांचा मुद्दा छोटा नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने एका कॉमिकबाबत निर्णय दिला, की मजकूर आणि मांडणीला संरक्षण आहे, पण मिडजर्नीने केलेल्या सुट्या चित्रांना नाही. ज्याची नक्कल कुणीही करू शकेल असं पात्र मोठ्या कंपनीला परवडत नाही. म्हणून स्केचपासून शेवटच्या थरापर्यंतच्या फाइली जपून ठेवा. मागितल्या तर दाखवता आल्या पाहिजेत.

पायरी ६: पहिली दोन-तीन वर्षं कशी काढायची

अर्धवेळ नोकरी ठेवा. घरभाड्याची चिंता असलेला माणूस पहिलाच वाईट करार मान्य करतो. नोकरी शक्यतो अशी की जी त्याच हाताला थकवणार नाही. दिवसभर दुसऱ्याच्या सूचनांवर बॅनर काढून संध्याकाळी स्वतःचं चित्र काढणं जमतं असं म्हणणारे भेटतात, जमलेले क्वचितच. मुलांना शिकवणं, प्रकाशकाकडे मांडणीचं काम, संग्रहालय किंवा पुस्तकांचं दुकान, हे पर्याय बरे. प्रकाशकाकडची मांडणीची जागा विशेष चांगली, कारण तिथे चित्रकारांचे मेल कसे उघडले जातात आणि कसे न उघडता पुढे जातात हे रोज दिसतं.

व्यावसायिक संघटनेचं सदस्यत्व घ्या. ब्रिटनमध्ये असोसिएशन ऑफ इलस्ट्रेटर्स १९७३ पासून आहे, अमेरिकेत ग्राफिक आर्टिस्ट्स गिल्ड १९६७ पासून. दर आणि करारांविषयीचं गिल्डचं मार्गदर्शक पुस्तक बाहेरच्या देशातल्या माणसालाही उपयोगी पडतं. आकडे तिथले असले तरी करारातली कलमं बरीचशी सारखीच असतात.

आणि प्रत्येक कामाची एक फाइल ठेवा: करार, पाठवलेलं बिल, पैसे आल्याची तारीख, परवान्याची मुदत. मुदत संपण्याच्या महिनाभर आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. त्या दिवशी ग्राहकाला मेल करायचा: वापर पुढे चालू ठेवायचा आहे का, असल्यास नूतनीकरणाचा दर हा. ग्राहकाला बहुधा ही तारीख आठवतही नसते, आणि चित्र अजून वेष्टनावर असेल तर पैसे देण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं.